ताईची झडप

धाकट्यानं गेम बनवला तो पैशासाठी नाही, नावासाठी तर नाहीच नाही. ताईनं एकदा घरी यावं, बाबांशी दोन शब्द बोलावेत, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. आई गेल्यापासून ताईनं घराची पायरी चढली नव्हती. का, तर हट्ट! असं आपलं धाकट्याचं म्हणणं. बाबा थकलेले, कुणी उठवल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नाही, त्यांचं सगळं हा करायचा आणि मनातल्या मनात बहिणीच्या नावानं बोटं मोडायचा.

गेम अगदी लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचे तसाच. जाड चौकोनी ठिपक्यांची माणसं, उड्या मारत खड्डे ओलांडायचे, पडलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि कानठळ्या बसवणारं टुणटुण संगीत. आवाज कमी करायची सोयच नाही! ते संगीत करणारी मुलगी डोकं धरून म्हणाली, "अरे, लोक शिव्या घालतील." हा म्हणे, "आमच्याकडे असाच वाजायचा. त्यात तडजोड नाही." आता अशा माणसाला कोण समजावणार?

पण खरी गंमत होती ताईच्या झडपेत. गेममधला मुलगा आता खड्ड्यात पडणार असं दिसलं, की त्याची बहीण धावत येते, "दे इकडे!" म्हणत खेळणाऱ्याकडून ताबा हिसकावून घेते आणि उडी स्वतःच मारते. बघणारे पोट धरून हसायचे. ताई लहानपणी अस्संच करायची. आगाऊ कुठली!

गेम बाजारात गेला त्या दिवशी, हज्जारदा विनवल्यावर, ताई त्याच्या ऑफिसात आली. खुर्चीत बसली, पडद्याकडे बघून हसलीसुद्धा.

"हा तू का? किती बावळट दिसतोयस."

"होतो तसाच काढलाय."

धाकट्याला वाटलं, जमलं बुवा. आता संध्याकाळी हिला घरी घेऊन जायचं. एवढ्यात मुलगा घसरला आणि पडद्यावरची बहीण ओरडली, "दे इकडे!" ताईचे हात थांबले.

"आवाज बंद कर."

"होत नाही गं. सोयच ठेवली नाही."

ताईनं सरळ वायर उपटली.

"अगं, काय झालं काय?"

"मी लहानपणी का हिसकावून घ्यायचे रे तुझ्या हातातून?"

"तुला जिंकायची हौस!"

"तू पडलास की गाणं थांबायचं," ताई म्हणाली. "गाणं थांबलं की आतलं ऐकू यायचं. तुला ऐकू जाऊ नये म्हणून मी पडूच द्यायचे नाही."

"आतलं काय?"

"आई."

धाकट्याला काही कळेना. मग ताईनंच सांगितलं, दार लावून बाबा आईला मारायचे. आई म्हणायची, याला कळू देऊ नकोस. "आणि मी मूर्खासारखं नाही कळू दिलं. तू बाबा-बाबा करत नाचायचास. काय बोलणार होते मी?"

आई वेंधळी, सारखी कुठं ना कुठं आपटते, हा त्यांच्या घरातला विनोद होता. तो सगळ्यांत जास्त यानंच केलेला. आईसमोर, जेवताना. आता तो तोंडावर हात दाबून बसला, आणि ताई पर्स उचलून निघून गेली. घरी चल म्हणायची त्याची छाती झाली नाही.

लगेच ती संगीतवाली धावत आली. "अरे, झडप लोकांना काय आवडलीय! हसून हसून पुरेवाट झालीय सगळ्यांची!"

घरी बाबा वाटच बघत बसलेले. "आली नाही ती?"

"नाही."

"हट्टी आहे कार्टी. पहिल्यापासून." त्यांनी हात पुढे केला. "चल, उठव. भूक लागलीय."

धाकटा त्या हाताकडे बघत उभा राहिला. रोज सकाळी तोच धुवायचा, तोच पुसायचा, नखंसुद्धा तोच कापायचा. विचारावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"काय रे?"

"काही नाही, बाबा."

त्यानं हात धरला. न धरून करतो काय? त्यांना दुसरं होतं कोण. बाबा त्या हाताच्या आधारानं उठले आणि म्हणाले, "गुणाचा माझा पोरगा."