कोणी आलं-गेलं तर

“मावशीला काही देताना शब्द जपून वापरा हं,” मावशी निवृत्त झाली तेव्हा तिच्या निरोप समारंभात चर्चचे फादर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले होते.

“मावशी कुठे चिडते, फादर?”

“चिडत नाही. म्हणूनच सांगतोय.”

मी हसून विषय उडवून लावला. त्या क्षणी माझी चिमी टेबलक्लॉथचं टोक ओढत होती आणि दुसऱ्या टोकाला अख्खा केक होता.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. तिनं उभं आयुष्य चर्चचे आणि चर्चच्या आवारातल्या एका संस्थेचे हिशेब लिहिले. दुकानात आलेला पैसा दुकानाचा होतो, इथे तो देणाऱ्याच्या शब्दाला बांधलेला राहतो, असं ती सांगायची. छपरासाठी दिला तर छपरालाच लागला पाहिजे. तिच्या लेखी पैशाचे दोनच प्रकार, बांधील आणि मोकळा. एका हिवाळ्यात कार्यालयातला हीटर बंद पडला. ऑर्गनच्या दुरुस्तीसाठी आलेले पैसे तेव्हा नुसते पडून होते, ऑर्गन तर केव्हाच भंगारात गेला होता. समिती म्हणाली, वापरा ते. मावशी हातमोजे घालून आकडे लिहीत राहिली.

“देणाऱ्यानं मोकळे केले तर वापरू.”

“अहो बाई, देणारा वारला!”

“मग आता विचारणार कोणाला?”

हा किस्सा आमच्या घरी हसण्यासाठी सांगितला जायचा. आईसुद्धा डोळे पुसत हसायची.

आई गेली, मग मावशीचे यजमान, आमचे काका गेले, आणि मावशी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत एकटी राहिली. मी दर गुरुवारी चिमीला कडेवर घेऊन जायची. जाताना पिशवी भरून न्यायची, पण ती नुसती पुढे केली तर मावशी घेत नसे. “मला कशाला? तुमचंच तुम्हाला पुरत नाही,” म्हणून परत पिशवीत कोंबायची. मग मी युक्ती काढली. काहीतरी निमित्त सांगायचं आणि सरळ तिच्या फ्रिजमध्ये ठेवून द्यायचं. मग ती मुकाट्यानं मान हलवायची. मला वाटलं, जिंकलो आपण.

आणि मावशी वाळत चालली.

आधी बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मग गळ्याची हाडं दिसायला लागली. मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यानं रक्त तपासलं, फोटो काढले, काही निघालं नाही. “वय झालं त्यांचं,” नवरा म्हणाला. “तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस.” मी घोर लावून घेतेच. चिमी जरा जास्त वेळ झोपली तरी मी तिच्या नाकाशी बोट धरते. पण इथे मला कळतच नव्हतं, घोर नेमका कशाचा लावायचा. फ्रिज तर भरलेला होता. दर गुरुवारी भरलेलाच असायचा. ही जेवायचं विसरते का? की खाते आणि अंगी लागत नाही? तिला वार विचारला तर तिनं वार सांगितला, वर म्हणाली, “का गं, तू विसरलीस?”

त्या गुरुवारी चिमी बिस्किटासाठी रडायला लागली. मावशीनं लगेच डबा काढला, दोन बिस्किटं तिच्या हातात दिली आणि झाकण घट्ट लावून टाकलं.

“तूही घे की, मावशी.”

“मी कशी घेऊ? चिमीसाठी आणलीस ना तू?”

“बरं, मग तो ब्रेड काढ. जॅम काढ.”

“ते कोणी आलं-गेलं तर.”

“आणि हे सूप?”

“आजारी पडले तर.”

“अगं, हाडं वर आलीत तुझी!”

“पण आजारी नाही ना? तुझाच तो डॉक्टर म्हणाला.”

मी फ्रिजचं दार धरून उभी राहिले. प्रत्येक डब्यावर, प्रत्येक पाकिटावर माझंच वाक्य बसलेलं होतं. ‘पाहुण्यांसाठी असू दे.’ ‘अडीनडीला असू दे.’ तिनं एकही शब्द इकडचा तिकडे केला नव्हता.

“मग तू खातेस काय?”

“माझं मी आणते की.” मग गुडघा चोळत, “आणायची. गुडघा धरलाय ना. जिना उतरवत नाही रोज रोज.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू कुठे विचारलंस? तू रक्ताचं विचारलंस.”

“मावशी, अगं ती नुसती बोलायची पद्धत असते! कोणी आलं तर, गेलं तर... तू घ्यावंस म्हणून म्हणत होते मी.”

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. बेरीज दोनदा करूनही जुळत नाही तेव्हा माणूस बघतो तसं. “म्हणजे जे बोललीस, ते तसं नव्हतंच?”

चिमी आमच्या पायांत बिस्किटाचा चुरा करत बसली होती. शेवटी मी फ्रिजसमोर सरळ उभी राहिले आणि एकेका वस्तूला हात लावत म्हणाले, “हे तुझ्यासाठी. हेही तुझ्यासाठी. सगळं मोकळं.”

“अंडीसुद्धा?”

“अंडीसुद्धा!”

मावशीनं अंडी उकडली आणि ओट्याशी उभ्या उभ्या खाल्ली. इतक्या भराभर, की मला तिकडे बघवेना.

“बसून खा ना गं,” मी म्हणाले आणि खिडकीजवळची आरामखुर्ची पुढे ओढायला गेले. तिच्यावर अजून दुकानातलं प्लास्टिक होतं.

“ती नको.” मावशीनं हात पुसले. “ती काकांनी आणली तुझ्या आईसाठी. ती राहायला येईल तेव्हा, म्हणाले होते.”

“मावशी, आई आता...”

“ठाऊक आहे मला.” तिनं लाकडी स्टूल ओढून घेतलं आणि दुखरा गुडघा सांभाळत त्यावर टेकली. “पण मोकळी करायला काका तरी कुठे आहेत?”

हा आजार आहे की इमान, मला अजून समजलेलं नाही. डॉक्टरला सांगितलं तर तो कशावर औषध देणार? मी आता जाते तेव्हा पिशवी ठेवताना फक्त ‘तुझ्यासाठी’ म्हणते, आणि ती हसून घेते. बांगड्या मनगटाकडे परत यायला लागल्यात. खुर्ची खिडकीतच आहे.

तुम्हीही कुणाच्या तरी घरी ‘असू दे’ म्हणून काही ठेवून आला असाल. आज एकदा जाऊन या. तब्येत मागाहून विचारा. आधी फ्रिज उघडून बघा, तुम्ही ठेवलेलं अजून तिथेच आहे का.