कपाळावरची चिठ्ठी

मित्रांनो, मी पुरुषांच्या वॉर्डातला जुना संगणक. माझ्या कळांवरची अर्धी अक्षरं बोटांनी पुसली गेली आहेत आणि पंखा धाप लागल्यासारखा घरघरतो. मी आलो तेव्हा माझं कोण कौतुक झालं होतं. "आता कागद शोधत हिंडायला नको. इथे लिहिलं की सगळ्या मजल्यांवर दिसेल," असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कौतुक चार दिवस टिकलं. पुढे मी फारच हळू चालतो म्हणून सिस्टरनी एक सोय काढली. महत्त्वाचं काही असलं की पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचं आणि माझ्या कपाळावर चिकटवायचं.

एका सकाळी आमच्या वॉर्डातल्या शिंपीकाकांना ऑपरेशनसाठी खाली नेणार होते. त्यांची मुलगी सिस्टरना म्हणाली, "बाबांना पेनिसिलिन चालत नाही हं. मागे श्वासच अडकला होता."

"बरं झालं सांगितलंस," सिस्टर म्हणाल्या, आणि चिठ्ठी माझ्या कपाळावर बसली.

काका खाली गेले. खालच्या संगणकाने माझ्याकडे त्यांची माहिती मागितली. मी रक्तदाब दिला, साखर दिली, वजन दिलं. ॲलर्जीचा रकाना रिकामा होता, तो तसाच गेला. माझा जीव टांगणीला लागला. ऐकलं होतं मी सगळं, पण माझ्यात लिहिलेलं नसेल तर मला तोंड नाही. सिस्टर गोळ्या वाटत होत्या. मुलगी बाकावर बसून बाबांचा चष्मा पुसत होती, अगदी निर्धास्त. मला मात्र क्षणभरही चैन पडेना.

तेवढ्यात माझ्या शेजारचा फोन वाजला. सिस्टरनी उचलला. खालच्या भूलतज्ज्ञ बाई होत्या. "शिंपीकाकांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन भरलंय. ॲलर्जीचा रकाना रिकामा दिसतोय. काही नाही म्हणून रिकामा, की कुणी विचारलंच नाही?"

"अहो, चिठ्ठी लावलीय की."

"ती मला इथून कशी दिसणार?"

सिस्टरनी चिठ्ठीकडे पाहिलं. "देऊ नका ते," एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या.

दुपारी काका सुखरूप वर आले. झाला प्रकार मुलीच्या कानावर गेला होताच. "मी सांगितलं होतं ना?" तिने सिस्टरना विचारलं.

"सांगितलं होतंस, बाळ. मीच पुढे सांगितलं नाही."

मग सिस्टरनी खुर्ची ओढली आणि माझ्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून माझ्यात लिहून काढल्या.

मित्रांनो, मी हळू चालतो हे खरं. त्याबद्दल मला खुशाल चार शिव्या घाला. पण तुम्हाला कळलेलं दुसऱ्यालाही दिसेल अशा जागी लिहा. रिकामा रकाना पाहून फोन करणारं माणूस दर वेळी खाली असेलच असं नाही.