मेलेले चेंडू आणि कॉनचं बोट

"मेला! हाही मेला!"

अख्खं मार्लो फेरी गाव मैदानातल्या बाकांवर चढून बोंबलत होतं. मेला होता बेसबॉलचा चेंडू. पाहुण्या संघाच्या एका रेड्यासारख्या गड्याने तो जीव खाऊन हाणला होता. खरं तर तो कुंपणापलीकडे ओहायो नदीतच पडायचा, पण वर गेल्यावर त्याचा दमच सुटला आणि तो आमच्या गड्याच्या ओंजळीत अलगद येऊन बसला. लोकांनी टोप्या उडवल्या, बिअर उडवली. ती माझ्या नव्या टोपीवरही उडाली, हे मी अजून विसरलेले नाही.

मग सगळ्यांच्या माना प्रोफेसर अल्मेडोरकडे वळल्या. ऑगस्टच्या उन्हात अंगात पायघोळ झगा, हातात लोकरीचे हातमोजे, शेजारी काळ्या मखमलीने झाकलेली पेटी. प्रोफेसर सावकाश उठले.

"बंधूंनो! त्या चेंडूचा प्राण मी ओढून घेतला! माझ्या बेंबीतून निघणारा चुंबकीय प्रवाह त्याने सोसला नाही!"

"आणि पेटीखाली पाणी कसलं हो साठलंय?" मी ओरडून विचारलं.

"शक्तीला घाम येतो, बाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शक्तीला घाम येतो म्हणे! मग मला येत होतं ते काय अत्तर होतं?

मी होनोरा डूलिन. मैदानाला लागूनच माझी खानावळ आहे आणि आमच्या संघाचे सगळे गडी माझ्याकडेच जेवतात. संघाला लोक 'खेचरं' म्हणतात. जुलैपर्यंत ही खेचरं यादीच्या तळाशी लोळत होती. मग संघाच्या मालकांनी कुठूनतरी हे प्रोफेसर धरून आणले. चेंडू पुरवायचे घरच्या संघाने, असा नियमच आहे. पाहुण्यांची फलंदाजी असली की प्रोफेसर पेटीतून 'मंतरलेला' चेंडू काढून देत. आपली आली की झग्याच्या आतून, 'हृदयाजवळचा' दुसरा. पाहुणे कप्तान आरडाओरडा करत, पण अंपायर एकटा आणि आमची माणसं हजारो, प्रत्येकाच्या हातात जाडजूड काचेचा मग. अंपायरला लगेच चमत्कार पटायचा.

आम्ही जिंकत सुटलो आणि गाव खुळावलं. कोणी आटलेली गाय आणली, कोणी बहिरी सासू. प्रोफेसर सगळ्यांना एकच औषध विकत, फ्लॅनेलची 'चुंबकी पट्टी'. गाय आटलेलीच राहिली. सासूला म्हणे थोडं ऐकू येऊ लागलं, पण त्याचा आनंद घरात कोणालाच झाला नाही.

यावरही मी हसून गप्प बसले असते. पण कॉनच्या बोटाला ती पट्टी गुंडाळलेली होती.

कॉन टियर्नी माझ्या मेलेल्या बहिणीचा मुलगा, मीच वाढवलेला. तो संघाचा कॅचर. फलंदाजाच्या पाठीमागे उकिडवं बसायचं आणि सणसणत येणारे चेंडू जवळजवळ उघड्या हातांनी झेलायचे, असं त्याचं काम. एका चेंडूने त्याचं मधलं बोट मोडलं, कातडी फाटली. आता ते काळंनिळं होऊन हात मनगटापर्यंत सुजला होता.

त्या सकाळी डॉक्टर क्राउस माझ्याच टेबलावर सॉसेज खाता खाता थांबले. "कॉन, आज बोट कापलं तर हात वाचेल. उद्यावर ढकललंस तर हात जाईल, आणि मग जिवाचंही मी सांगू शकत नाही."

"मावशी, तूच सांग यांना," कॉन म्हणाला. "जो माणूस लांबून चेंडूचा प्राण ओढतो, त्याला एक बोट बरं करणं जड आहे? पट्टी सोडली तर शक्ती उतरते."

"अरे गाढवा, त्या बोटाला वास येतोय!"

"तो रोग बाहेर पडतोय."

मी कपाळाला हात लावला. पोराला मारून तरी किती मारायचं? आणि आता तो हात गळ्यात बांधून प्रोफेसरांच्या शेजारी बसला होता, त्यांच्याकडे देवासारखा बघत.

एवढ्यात पाहुण्यांचा पुढचा फटका तिरका लागला आणि चेंडू बाकांवरून भेलकांडत थेट माझ्या मांडीवर आला.

मी किंचाळले. लागलं म्हणून नव्हे. गार होता मेला! अंगाची लाही होत असताना हा चेंडू बर्फासारखा! शेजारी डॉक्टर बसले होते. मी तो सरळ त्यांच्या गालाला लावला.

डॉक्टर दचकले आणि मग खो खो हसत सुटले. "मावशी, चेंडूच्या पोटात रबर असतं. ते गारठलं की ताठर होतं, मग उसळी राहत नाही. हातमोजे कशाला ते कळलं का आता?"

"ओ बाई, चेंडू टाका!" लोक ओरडले. बाकांत आलेला चेंडू परत द्यायचा असतो.

"नाही टाकत!"

मी झगा गुडघ्यांपर्यंत उचलला आणि कठड्यावरून मैदानात उडी मारली. माझ्यामागे पोलीस, पोलिसामागे अंपायर, अंपायरमागे कुठलंसं कुत्रं आणि कुत्र्यामागे डॉक्टर. धापा टाकत मी पेटीपाशी पोचले आणि तिला एक सणसणीत लाथ घातली.

पेटी कलंडली. लाकडाचा भुसा, बर्फाची ढेकळं आणि चेंडू गवतावर पसरले.

"हा... हा गोठवलेला चुंबक आहे," प्रोफेसर म्हणाले.

"डोंबलाचा चुंबक!"

डॉक्टरांनी माझ्या हातातला चेंडू घेतला, दुसरा प्रोफेसरांच्या झग्यातून खेचून काढला आणि वरच्या कठड्यावर चढून दोन्ही एकदम सोडले. उबेतला टणकन उसळला. गार चेंडू धप्पकन पडला आणि जरासा हलून निजला.

"कोणीही या आणि स्वतः टाकून बघा!" डॉक्टर ओरडले. लोक आले, टाकून बघू लागले. दर वेळी तेच.

तेवढ्यात वरून आमचा खाटीक ओरडला, "कळलं हो मावशी! पण जरा हळू बोला, अजून दोन डाव बाकी आहेत!"

सगळं मैदान हसलं. मीसुद्धा हसले. हसला नाही तो फक्त कॉन. त्याने एक गार चेंडू उचलून चांगल्या हातात धरला होता.

"प्रोफेसर," त्याने विचारलं, "मग माझं बोट?"

प्रोफेसर टोपी शोधू लागले.

कॉनने हातातला चेंडू गवतात टाकला. मग लहानपणी काटा रुतला की करायचा तसा हात माझ्यापुढे केला. "मावशी, सोड ती पट्टी."

गाठ सुटेना, तेव्हा मी ती दातांनी सोडली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

त्याच संध्याकाळी बोट गेलं. हात राहिला, कॉन राहिला. प्रोफेसर रात्रीच्या बोटीने पसार झाले. आम्ही तो सामना हरलो आणि पुढचे जवळजवळ सगळेच. मोसम संपला तेव्हा खेचरं पुन्हा तळाशी होती. बाजारात अजून काही जण माझ्याकडे बघून तोंड फिरवतात. फिरवू देत. मी त्यांना एवढंच सांगते: बाबांनो, चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी पेटी उघडून बघा. आणि आपण जिंकत असू तेव्हा तर नक्कीच उघडा, कारण नेमकी तेव्हाच ती उघडावीशी वाटत नाही.

यंदा वसंतात एक नवा बुवा आला, कसल्याशा दिव्य पाण्याच्या बाटल्या घेऊन. मैदानाच्या दारात गर्दी जमवून म्हणाला, "शंका घेऊ नका, फक्त विश्वास ठेवा!"

कॉन पुढे झाला आणि त्याने चार बोटांचा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"ठेवला होता," तो म्हणाला. "आता बूच काढ, आत काय आहे ते डॉक्टरांना बघू दे."