एकतीस नंबरचं पान

मल्हारगंजच्या त्या गल्लीत यमुनाबाईंना दाखवल्याशिवाय कोणी कागदावर सही करत नसे. बँकेचा फॉर्म असो, नाहीतर घराची रजिस्ट्री, लोक आधी बाईंच्या ओट्यावर यायचे. आणि का येऊ नये? चौतीस वर्षं बाईंनी सरकारी कचेरीच्या नकल शाखेत काढली होती. मूळ कागद डाव्या हाताला, नक्कल उजव्या हाताला, आणि ओळीवर बोट. एक मात्रा इकडची तिकडे झाली तरी नक्कल परत. रिटायर होऊन सात वर्षं झाली, पण सवय कुठे जाते? किराण्याची चिठ्ठीसुद्धा त्या बोट ठेवूनच वाचायच्या. "वाचल्याशिवाय सही नाही, देव खाली आला तरी नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गल्लीतली पोरं पाठीमागे हेच वाक्य बाईंच्या आवाजात म्हणून खिदळायची.

तर अशा या बाईंवर काय वेळ आली, ते ऐका.

गल्ली सरळ जाते आणि शेवटाकडे उजवीकडे वळते. यमुनाबाईंचं घर वळणाच्या अलीकडे. वळणापलीकडे, अगदी टोकाला, कमल शितोळेचं. दिवाळीनंतर गल्लीत नवी बंद नाली टाकायचं काम निघालं. डिसेंबरभर खोदाखोदी, पाइप, सिमेंट, धूळ. जानेवारीत कामवाले सामान उचलून गेले. बाईंच्या दारासमोर अशी मस्त झाकणं बसली की त्यावर पापड वाळत घालावेत. वळणापलीकडे मात्र जुनी उघडी नालीच राहिली, आणि तिच्या तोंडाशी या लोकांचा मलबा पडलेला. रोज सकाळी काळं पाणी तुंबून कमलच्या उंबऱ्याशी यायचं. तिच्या यजमानांना, संताजींना, शुगर. पायाची जखम भरता भरत नव्हती आणि घराबाहेर पडायचं तर त्याच पाण्यातून. कमल रोज घमेल्याने पाणी उपसायची, पण तोंडातून एक शब्द नाही. मुलखाची गरीब बाई.

फेब्रुवारीत संताजींना बघायला म्हणून यमुनाबाई वळणापलीकडे गेल्या आणि चपला हातात घेऊन परत आल्या.

"अगं कमल, महिना झाला याला! बोलायचं नाही का?"

कमल नुसती हसली. त्या हसण्याचा अर्थ बाईंना तेव्हा कळला नाही.

बाईंचं डोकं सणकलं म्हणजे सणकलं. वरच्या मजल्यावर त्यांची भाडेकरू राहायची, अनुष्का. नाशिकची, इथे कंपनीत नोकरीला. तिला हाक मारून त्या म्हणाल्या, "बेटा, तो माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाईप कर. नाली किती मीटर मंजूर, किती मीटर मोजली, किती मीटरचं पेमेंट झालं, सगळे कागद पाहिजेत. आपल्याच टॅक्सचे पैसे आहेत, कोणाच्या बापाचे नाहीत."

"काकू, एवढं चिडू नका, बीपी वाढेल."

"हाओ, वाढू दे. तू टाईप कर."

मार्चच्या शेवटी जाडजूड लिफाफा आला. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, एकूण पाने सेहेचाळीस. अनुष्का ऑफिसला गेली होती. दुपारची वेळ, पंखा सुरू, बाई चष्मा लावून बसल्या आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. एकशे ऐंशी मीटरचं बिल पास झालं होतं. पण नुसतं 'नाली, १८० मीटर' इतकंच लिहिलेलं. कुठली गल्ली, कुठून कुठपर्यंत, काही पत्ता नाही. अशा कागदाने कोणाला धरणार? ठेकेदार उद्या म्हणेल, उरलेली दुसऱ्या गल्लीत टाकली. बाई पानं उलटत गेल्या, आणि एकतीस नंबरच्या पानावर आल्या.

सापडलं! त्यावर गल्लीचं नाव होतं, आणि हिंदीत लिहिलं होतं, 'शितोळे यांच्या घरापर्यंत १८० मीटर काम पूर्ण, रहिवासी संतुष्ट.' आणि खाली अकरा सह्या. पहिली सही यमुनाबाईंची.

बाईंचं बोट तिथेच थांबलं. सहीशेजारी अंगठ्याएवढा काळपट डाग होता. झेरॉक्समध्ये काळा आला होता, पण मूळ कागदावर तो पिवळा असणार, हे त्यांना बघताक्षणी कळलं. हळदीचा डाग. त्यांच्याच बोटाचा.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं त्या दिवशी. घरात दहा जणी बसलेल्या, वाणाला स्टीलच्या गाळण्या, तिळगूळ, हसणं-खिदळणं. तेवढ्यात दारात ठेकेदाराचा मुनीम उभा, नंदू भिया. आपलाच मराठी माणूस, बडा गणपतीकडचा. हात जोडून म्हणाला, "तिळगूळ द्या, काकीजी, आणि एक सही. काम पूरा झालं, बस हजेरी समजा." सणाचा दिवस, दारात आलेला माणूस, गोड बोलायचं म्हणून बोलायचं. एका हातात हळदीची वाटी, दुसऱ्या हाताने बाईंनी सही ठोकली. वाचलं नाही. आपल्या दारासमोर झाकणं बसली होती ना, म्हणजे झालंच काम! वर आत वळून म्हणाल्या, "करा गं सगळ्याजणी, पटकन करा, चहा निवतो आहे." वाणाची यादी असावी तशा सगळ्यांनी ओळीने सह्या केल्या. बाईंच्या खाली दुसरी सही होती कमलची.

यमुनाबाईंना भरदुपारी घाम फुटला. संतापाने नव्हे, लाजेने. आता हे पान गल्लीला दाखवायचं? मग वाचल्याशिवाय सही नाही म्हणणाऱ्या बाईंचं उरलं काय? आणि नाही दाखवायचं, तर शितोळ्यांच्या घरापर्यंत काम झालं असं ठेकेदाराने दाखवल्याचा दुसरा पुरावाच नाही. त्यांनी पान बाजूला काढलं, देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये वातींच्या डब्याखाली ठेवलं आणि बाकीचा गठ्ठा नीट बांधून ठेवला.

संध्याकाळी अनुष्काने पानं मोजली. नाशिकची पोर, मोजणारच.

"काकू, पंचेचाळीसच आहेत. एकतीस नंबरचं पान नाहीये."

"त्यांनीच दिलं नसेल," बाई गॅसकडे तोंड करून म्हणाल्या.

आयुष्यात इतकं सरळसोट खोटं त्या पहिल्यांदाच बोलल्या असतील. आणि खोट्याचं असं असतं, ते एकट्याने राहत नाही. तिसऱ्या दिवशी अनुष्का अपिलाचा कागद घेऊन खाली आली. "काकू, फक्त सही करा. उद्या टाकते."

बाईंनी बोट ठेवून वाचलं. 'नकला तयार करणाऱ्या लिपिकाने एकतीस क्रमांकाचे पान जाणूनबुजून दडवले असून त्याच्यावर कारवाई व्हावी.'

बाईंच्या डोळ्यांपुढे ती नकल शाखा उभी राहिली. कोणीतरी असेल तिथे, मान मोडून सेहेचाळीस पानं ताडून बघणारी. तिला नोटीस जाणार. पान नीट देऊनही जाणार. चौतीस वर्षांत बाईंवर असा आळ एकदा आला होता, तेव्हा दोन दिवस त्यांना जेवण गेलं नव्हतं.

त्या उठल्या. ड्रॉवर उघडला, पान काढलं आणि अनुष्काच्या हातात दिलं.

"लिपिकाने नाही दडवलं. मी दडवलं."

अनुष्काने पान वाचलं, सह्या पाहिल्या. पोरगी शहाणी. अपिलाचा कागद तिने मधोमध फाडला आणि म्हणाली, "मंगळवारी जनसुनवाई आहे, काकू, साहेब लोकांच्या तक्रारी ऐकतात. तिथे हे पान लागेल. कोणी विचारलं, की ही सही कोणाची, तर?"

"माझी म्हणून सांगेन. पण आधी ज्यांच्या सह्या माझ्यामुळे झाल्या, त्यांना सांगायला पाहिजे."

चैत्र सुरूच होता. शनिवारी बाईंनी चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलं, आणि बरोबर त्याच दहा जणींना बोलावलं. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. शैलजाने डाळीवर भुरभुरायला जीरावन मसाला मागितला, तिला सगळ्यांनी हसून घेतलं. शैलजा कापडवाली, तिला कशावरही जीरावन लागतं. पण बाईंनी कुंकवाचा करंडा अजून उघडलाच नव्हता. हळूहळू सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं.

बाईंनी एकतीस नंबरचं पान मोठ्याने वाचलं. सह्या वाचल्या, स्वतःपासून. मग म्हणाल्या, "मी वाचलं नव्हतं. आणि तुम्हाला करा म्हणाले. हे पान आलं तेव्हा तीन दिवस लपवलंही. माझं चुकलं."

  कोणी म्हणालं, "जाऊ द्या हो काकी, आपण सगळ्यांनीच केली." बाईंनी मान हलवली. त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. त्या कमलकडे बघत होत्या.

कमल पदराशी चाळा करत म्हणाली, "मी वाचलं होतं."

"काय?"

"हिंदीत होतं, येतं मला वाचायला. शितोळ्यांच्या घरापर्यंत झालं, असं लिहिलं होतं. मला वाटलं, नाही हो, कुठे झालं? पण वर तुमची सही होती. मग वाटलं, काकीजींनी वाचलंय म्हणजे बरोबरच असणार. काम राहिलं असेल ते करून देतील." तिने पदर सोडला. "तेव्हापासून वाट बघते आहे. कोणाला काय सांगणार? सही तर माझीपण होती."

 इतके दिवस यमुनाबाईंना आपल्या नावाची काळजी होती. आणि त्याच नावाच्या भरवशावर ही बाई तीन महिने काळं पाणी उपसत राहिली होती. त्यांनी डोळे पुसले, लपवले नाहीत. कमलचा हात धरून म्हणाल्या, "चल, मोजू."

शैलजा दुकानातून लोखंडी मीटर घेऊन आली. ज्या कांबीने आयुष्यभर लट्ठ्याचं कापड मोजलं, ती कांब तिने नालीच्या पहिल्या झाकणावर आडवी ठेवली. व्यापारी बाई, पहिल्या मापाला एक म्हणत नाही. "लाभ," ती म्हणाली, "दोन, तीन..." आणि गल्लीभर बायकांची वरात निघाली. दुकानांतून माणसं डोकावली. "क्या हो रिया है भिया?" कोणीतरी विचारलं. "सरकारी कपडा नाप रहे हैं," शैलजाने वर न बघता सांगितलं, आणि मोजत राहिली.

एकशे बाराला झाकणं संपली. बाईंनी वहीवर आकडा टिपला. मग दोघीतिघींनी मलबा बाजूला केला, तर खाली आणखी दोन मीटर पाइप निघाला. त्यापुढे जुनी उघडी नाली, पार कमलच्या दारापर्यंत सहासष्ट.

परत आल्यावर बाईंनी आपल्या वळणदार अक्षरात नवा पंचनामा लिहिला. जुन्या सहीची कबुलीही त्यात घातली, काही न झाकता. खाली सह्यांसाठी अकरा ओळी आखल्या. पेन कमलपुढे धरून म्हणाल्या, "पहिली तुझी."

कमलने पेन घेतलं नाही. कागद घेतला. उंबऱ्याजवळ उजेडात बसली आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. सावकाश. पन्ह्यातला बर्फ विरघळला. शैलजा म्हणालीसुद्धा, "अरे यार कमल, काकींनी लिहिलंय, कर ना!"

कमलने मान वर केली नाही. शेवटी एका ओळीवर बोट थांबलं.

"काकीजी, इथे एकशे बारा लिहिलंय. एकशे चौदा निघाले होते. मलब्याखालचे दोन राहिले."

"दोनाने काय होतंय?" शैलजा म्हणाली. "आपल्याच फायद्याचं आहे."

"मंगळवारी साहेबांनी टेप आणला आणि एकशे चौदा निघाले, तर आपणपण खोटे. मग माझ्या दारचं पाणी तसंच राहील."

यमुनाबाईंनी वही पाहिली. खरंच, झाकणं संपली तेव्हाचा आकडा घाईत तसाच उतरला होता. नकल शाखेत चौतीस वर्षं, आणि चूक काढली कमलने! बाईंना वाईट वाटायला हवं होतं. पण त्यांना इतकं बरं वाटलं की हसू आवरेना. त्यांनी एकशे बारा खोडलं, एकशे चौदा लिहिलं, आणि कचेरीच्या रीतीप्रमाणे खोडलेल्या आकड्याशेजारी छोटी सही केली.

कमलने कागद परत घेतला, पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला, आणि मग सही केली. पूर्ण नाव, सौ. कमल संताजी शितोळे. तिने पेन पुढे केलं, तर मागच्या नऊ जणींपैकी कोणीच ते घेईना. आधी प्रत्येकीला कागद हवा होता.