डावा कान

मालसुनचं प्रेम जडलं ते एका सिनेमावाल्याच्या डाव्या कानावर. त्रेसष्टाव्या वर्षी माणसाने निदान धड अवयव तरी निवडावा!

मुखो बंदरावरच्या तिच्या खानावळीत महिनाभर चित्रीकरण चाललं होतं. सिनेमात घडत काहीच नव्हतं. एक बाई आणि एक पुरुष समोरासमोर बसून सोजू नावाची दारू पीत, भांडत, रडत आणि पुन्हा पीत. आवाज टिपायला प्यो तेशिक नावाचा अबोल गृहस्थ होता, तिच्याहून बारा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी तिने त्याला जेवायला हाक मारली, तर त्याने वळूनही पाहिलं नाही. जेवणाला न वळणारा माणूस त्या बंदरावर अजून जन्माला यायचा होता.

"डावा कान गेलाय," तो नंतर हळूच म्हणाला. "दिग्दर्शकबाईंना सांगू नका, पोटावर पाय येईल."

तिने सांगितलं नाही. उलट तो कान तिला भलताच सोयीचा वाटला. हेडफोन चढवून तो गल्ल्यापाशी बसला, की माशाच्या सूपचा वाडगा ठेवायच्या निमित्ताने ती डावीकडून वाके आणि पुटपुटे, "हसलात की खळी पडते तुम्हाला, ठाऊक आहे का?" दुसऱ्या दिवशी, "माशाचं काळीज वाढलंय हो. नवऱ्यालासुद्धा कधी वाढलं नव्हतं." एकदा तर धीर करून म्हणाली, "जाऊ नका. इथंच राहा." तो मुकाट्याने सूप भुरकत राही. मन मोकळं व्हायचं आणि लाजही वाचायची.

शेवटच्या दिवशी दिग्दर्शक हानबी ओरडली, "आता कुणी हलायचं नाही! नुसत्या खानावळीचा आवाज घ्यायचाय."

सगळे जागच्या जागी थिजले. मालसुन नेमकी तेशिकच्या डाव्या बाजूला अडकली. उद्या हा माणूस सेऊलला जाणार. बोलायचं ते आत्ताच, आणि आत्ता तर श्वासही ऐकू गेला असता. तिने एप्रनचा बोळा तोंडाशी धरला. तिला फार रडू येत होतं, तेही तिने गिळलं.

"झालं!" हानबी म्हणाली. पोरं वायरी गुंडाळू लागली. तेशिकने मात्र हेडफोन काढला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "मालकीणबाई, आज काही बोलला नाहीत?"

मालसुनचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे? तुम्हाला..."

"कान गेलाय हो, माईक शाबूत आहे. हा हेडफोन कानाला लावला की मुंगी चालली तरी उजव्या कानात वाजते."

"मेल्या! महिनाभर ऐकत होतास? आणि वर सूप भुरकत होतास?"

"वळून पाहिलं असतं तर तुम्ही बोलणं बंद केलं असतं."

त्याने हेडफोन काढून गल्ल्यावर ठेवला आणि खुर्ची फिरवून उजवा कान तिच्याकडे केला. पोरं आजूबाजूलाच होती.

"राहा इथंच," मालसुन म्हणाली, आणि वायरी गुंडाळणारे सगळे हात थांबले.