मांडीखालचे हात

या, असे पुढे सरकून बसा. सतरंजी मोकळी आहे, आणि कीर्तनात मागे बसणाऱ्याच्या वाट्याला अर्धंच कीर्तन येतं हा माझा जुना अनुभव आहे. आज एक गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही, आपल्यातल्याच एका बापाची आहे. ऐकून माझे हात आपोआप जोडले गेले होते, म्हणून तुम्हालाही सांगावीशी वाटली.

लालासाहेब उंब्रजजवळच्या एका वाडीचे. सतरा वर्षं लष्करात होते, हेलिकॉप्टरच्या दुरुस्तीत. निवृत्त होऊन घरी आले, चार एकर ऊस सांभाळू लागले. माणूस सरळ, कामाला चोख. एकच मुलगी, क्रांती. आता आठवीत आहे.

क्रांतीच्या शाळेतली मुलं दरवर्षी जिल्ह्याच्या नमुना हेलिकॉप्टर स्पर्धेला जातात. वीतभर लांबीची हलकी काडी, तिच्या दोन टोकांना दोन पाती आणि मधे ताणलेलं रबर. रबराला पीळ द्यायचा आणि सोडायचं. पीळ सुटत जातो, पाती फिरतात, हेलिकॉप्टर वर चढतं. बॅटरी नाही, रिमोट नाही. दारं-पंखे बंद केलेल्या सभागृहात ज्याचं जास्त वेळ तरंगेल तो जिंकला.

आता शाळेचा प्रकल्प घरी कोण करतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. सहावीतल्या मुलाच्या वहीत चाळिशीतलं अक्षर आपण सगळ्यांनीच पाहिलेलं आहे, आणि काहींनी लिहिलेलंही आहे.

गेल्या वर्षी क्रांती पहिलं पातं करायला बसली. ते तिच्या हातात मोडलं. लालासाहेब शेजारीच होते.

"आण हिकडं. तुझ्याकडनं मोडंल," ते म्हणाले.

त्यांनी पुण्याहून परदेशी लाकूड मागवलं आणि दाढीच्या ब्लेडने पाती तासली. डाव असा टाकला की हेलिकॉप्टर भरपूर पिळून सोडायचं, म्हणजे ते थेट छताला जाऊन टेकतं आणि तिथंच भिरभिरत राहतं. दोन मिनिटं अकरा सेकंद! साताऱ्यात क्रांतीला पहिल्या नंबरची ढाल मिळाली. चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर क्रांती हसते आहे, पण जवळ जाऊन पाहिलं तर ते हसू फोटोवाल्यानं सांगितलेलं वाटतं.

या वर्षी दिवाळीनंतर शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवे नियम आले. छताला टेकलं की घड्याळ थांबणार. कमीत कमी वजन अडीच ग्रॅमवरून चार ग्रॅम, म्हणजे महागड्या लाकडाचा फायदा संपला. मोठी माणसं सभागृहाबाहेर. आणि विद्यार्थ्याने सहीनिशी लिहून द्यायचं, की हे मी स्वतः केलं आहे.

लालासाहेबांनी चष्मा लावून नियम दोनदा वाचले आणि एकेकाचा बंदोबस्त केला. छताला टेकायला नको म्हणून उंब्रजच्या मंगल कार्यालयात चाचण्या घेऊन पीळ ठरवला, सहाशे. तो चिठ्ठीवर लिहून दिला. दुरुस्ती करावीच लागू नये म्हणून एकासारखी एक तीन हेलिकॉप्टरं केली. परीक्षक काय विचारतील त्याची उत्तरं क्रांतीकडून पाठ करून घेतली. या वर्षीची फेरी सांगलीत होती, म्हणून तिथल्या सभागृहात फोन लावून छताची उंचीही विचारली. तिथला शिपाई म्हणाला, "सायेब, लय उंच हाय."

"पप्पा, एक तरी पातं मला करू द्या की," क्रांती म्हणाली.

"पुढच्या वर्षी. आता सही कर."

तिची आई स्वप्नाली भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, पेपरला बी तुमीच बसणार हाय का?"

"तुला न्हाई कळायचं. अख्ख्या तालुक्याचं लक्ष हाय."

क्रांतीनं सही केली. लालासाहेब मुलीवर जीव टाकणारे होते, यात मला शंका नाही. म्हणूनच गोष्ट सांगण्यासारखी आहे.

जानेवारीत सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांची फेरी सांगलीत झाली. मुलीबरोबर शाळेतली एक बाई हवी, म्हणून हरणाबाई निघाल्या. हरणाबाई शाळेत खिचडी शिजवतात आणि एकादशीला भजनी मंडळात गातात. जीपमध्ये तिन्ही हेलिकॉप्टरांचं खोकं लालासाहेबांच्या मांडीवर होतं. क्रांतीच्या मांडीवर जेवणाचा मोठा चपटा डबा.

आत वजनाच्या रांगेत क्रांतीपुढे आटपाडीकडची सोनम उभी होती. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू शेती. तिनं क्रांतीच्या खोक्यात डोकावून पाहिलं.

"अगं, तिनी बी सारखीच? मी दोन केली तर दोन भावांसारखी येगळीच निघाली. दुकानातनं आणलीस व्हय?"

"न्हाई. पप्पांनी केलीत."

"मग उडवायचं बी तेच का?"

सोनमच्या बोलण्यात खोच नव्हती, ती खरंच विचारत होती. क्रांतीनं खोक्याचं झाकण लावलं.

सभागृहाला खाली दुसरं नक्षीचं छत लावलेलं होतं, जेमतेम अठरा फुटांवर. चिठ्ठीतले सहाशे पीळ क्रांतीनं इमानदारीत मोजून दिले. हेलिकॉप्टर सुसाट वर गेलं आणि छताला टेकलं. घड्याळ थांबलं. एकोणीस सेकंद. प्रत्येकाला दोन उड्डाणं होती, आता एकच उरलं.

बाहेर व्हरांड्यात लालासाहेब काचेला नाक लावून उभे होते. त्यांनी दोन्ही हात वर केले, बोटांनी चारचा आकडा दाखवला, मग शून्य, मग पुन्हा शून्य. एका कार्यकर्त्यानं आतून शांतपणे पडदा ओढून घेतला.

"बसा की भाऊ," बाकड्यावरून हरणाबाई म्हणाल्या. "पडद्यातनं काय दिसणार हाय?"

"मावशी, पीळ कमी करायला पायजे. चारशे. तिला सांगायला कुणी जाईल का?"

"तिला न्हाई व्हय कळायचं?"

"तिला कसं कळंल? सगळं गणित माझं हाय."

"मग तुमीच जायाचं की. दोन वेण्या घालून."

लालासाहेबांना हसू आलं नाही. ते बाकड्याच्या कडेवर टेकले. हरणाबाईंनी पिशवीतून शेंगदाणे काढून त्यांच्यापुढे धरले.

"आमचं मालक नानासो पखवाज वाजवायचं, तुमी ऐकलं असंल. घरी पोरं शिकायला यायची. पोराचा हात चुकला की ह्यांचा जीव खालीवर व्हायचा. मग दोनी हात मांडीखाली घालून बसायचं. मी इचारलं, आवं, हाताला काय झालंय? म्हणालं, हात मोकळा ऱ्हायला की पखवाजाकडं जातोय. मी वाजवून दावलं तर माझंच वाजवणं आणखी एकदा हुतंय, पोरगं हाय तितंच ऱ्हातंय."

"ती शिकवणी झाली मावशी. ही स्पर्धा हाय. हितं मोडलं की संपलं."

"बरं. मिल्ट्रीत तुमच्या हातात पयला पाना कुणी दिला?"

लालासाहेबांनी चार शेंगदाणे हातात घेतले. "एक सुभेदार हुता. शिकायचं इंजिन पुढ्यात ठिवलं आणि म्हणाला, खोल."

"आन् जमलं?"

"कुठलं जमतंय? दोन दिवस उलटसुलट जोडत हुतो."

"मग त्यानं पाना काढून घेतला?"

"न्हाई."

"का वं?"

लालासाहेबांच्या हातातले शेंगदाणे तसेच राहिले. हरणाबाईंनीही पुढं रेटलं नाही. बुवा जसा एखादं चरण सोडून देतो आणि ते आपल्या आपण मनात उतरू देतो, तसं.

मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमची पोरगी दोन म्हयनं मधल्या सुट्टीत माझ्या तांदळाच्या खोलीत बसतीया."

"कशाला?"

"तितं वारं न्हाई लागत."

आत काय चाललं होतं ते ऐका. क्रांती परीक्षक बाईंच्या टेबलापुढे उभी होती.

"मॅडम, माझा कागद परत द्या. त्यावरची सही खोटी हाय. ते हेलिकॉप्टर पप्पांनी केलंय. गेल्या वर्षीचं बी."

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुझं पहिलं उड्डाण शून्य धरावं लागेल. कळतंय ना?"

"व्हय."

"दुसरं उडवायला तुझं स्वतःचं आहे काही?"

क्रांतीनं जेवणाचा डबा उघडला. त्यात भाकरी नव्हती. उसाच्या तुऱ्याची वाळलेली काडी होती. आपल्याकडे तुरा आला की पोरं त्याच्या काड्यांचे बाण करतात, तीच ती काडी, सरळ आणि पिसासारखी हलकी. पात्यांवर मामाच्या तासगावच्या द्राक्षबागेतली, कलम बांधायची पातळ पट्टी ताणून बसवलेली. एक पातं थोडं वाकडं. डिंकाचे डाग सगळीकडे. आणि डब्याच्या कोपऱ्यात ओल्या फडक्यात कणकेची गोळी.

वजन भरलं तीन पूर्णांक सात ग्रॅम. नियमात बसेना.

"थांबा मॅडम," क्रांती म्हणाली. तिनं कणकेची चिमूट घेतली आणि काडीच्या खालच्या टोकाला दाबून लावली. पुन्हा वजन. आणखी एक चिमूट. चार ग्रॅम!

"हे कुठं शिकलीस?"

"हरणामावशींनी सांगितलं. पखवाजाला कणीक अशीच थोडी थोडी लावत्यात, सूर येईस्तवर."

परीक्षक बाई उठून दाराशी आल्या. मुलीनं काय सांगितलं ते त्यांनी लालासाहेबांना चार वाक्यांत सांगितलं. चढा आवाज नाही, टोमणा नाही. मग म्हणाल्या, "पडदा उघडते. बघायचं असेल तर बघा. पण काचेवर हात दिसला, तर मुलीचं हेही उड्डाण रद्द होईल."

लालासाहेबांचा चेहरा उतरला होता. चारचौघांत पोरीनं आपलं नाव सांगितलं होतं. उठून जीपकडे चालू लागावं असं क्षणभर त्यांच्या मनात आलं, हे त्यांनीच पुढे मला सांगितलं. पण पडदा सरकला, आणि काचेपलीकडे क्रांती दिसली. डोकं खाली घालून, ओठ हलवत, ती पीळ मोजत होती. चिठ्ठी टेबलावर तशीच पडली होती. तिनं छताकडे पाहिलं, हातानं काहीतरी अंदाज घेतला आणि पिळणं थांबवलं.

"लय लवकर थांबली," लालासाहेब पुटपुटले. त्यांचा उजवा हात उठला. हरणाबाईंनी नुसतं त्या हाताकडे पाहिलं. लालासाहेबांनी तो हात मांडीखाली घातला. मग दुसराही घातला.

हेलिकॉप्टर सुटलं. जत्रेतून परतणाऱ्या माणसासारखं डुलत डुलत चढलं. मध्येच कलंडतं की काय असं झालं, पण खालच्या कणकेच्या वजनानं पुन्हा सरळ उभं राहिलं. छताखाली दोन हातांवर थांबलं, तिथं बराच वेळ विचार केल्यासारखं घुटमळलं, आणि खाली उतरू लागलं. चौऱ्याहत्तर सेकंद.

लालासाहेबांनी मांडीखालून हात काढले तेव्हा बाकड्याच्या पट्ट्यांचे वळ तळव्यांवर उठले होते.

तेवीस मुलांत क्रांती सातवी आली. सोनम दुसरी आली. पहिले तीन पुण्याला पुढच्या फेरीला गेले, क्रांती गेली नाही. हे मी गोड करून सांगणार नाही. तिला वाईट वाटलं, आणि जीपमध्ये बसल्यावर ती थोडी रडलीही.

तिला वाटत होतं पप्पा रागावतील. सांगली मागे पडली. शेवटी लालासाहेब म्हणाले, "खालचं पातं जरा..." आणि मध्येच थांबले. दोन्ही हात पुन्हा मांडीखाली गेले. "न्हाई. तूच सांग. का डुलत हुतं?"

क्रांतीनं डोळे पुसले. "वरचं पातं वाकडं हाय पप्पा. दोन पात्यांचा कोन सारखा न्हाई. आणि रबर आखूड पडलं. लांब आणि बारीक घेतलं असतं तर हळू सुटलं असतं."

"मग पुढच्याला काय करशील?"

ती सांगत सुटली. पेठ नाका आला, कराड गेलं, उंब्रजचा पूल दिसला, तरी तिचं संपलं नव्हतं. हरणाबाई मागे बसून झोपेचं सोंग घेत होत्या.

पुढच्या पालकसभेला लालासाहेब गेल्या वर्षीची ढाल कागदात गुंडाळून घेऊन आले. सगळ्यांसमोर उभे राहिले. लष्करी माणूस, बोलायची सवय नाही.

"ही ढाल शाळंनं परत पाठवावी," ते म्हणाले. "ही माझी हाय. बेचाळिसाव्या वर्षी मी सातवीची स्पर्धा जिंकली."

हशा पिकला, आणि मग हळूहळू थांबला. कारण समोर बसलेल्यांत निबंध लिहून देणारे होते, चित्रं रंगवून देणारे होते, विज्ञानाची प्रतिकृती विकत आणणारे होते.

"माझ्या पोरीकडनं मी खोटी सही घेतली," लालासाहेब पुढे म्हणाले. "तिनं ती मागं घेतली. माझ्यात ती हिंमत नव्हती. नियम बदलला तवा मी पळवाट हुडकत हुतो. तो नियम माझ्यासाठीच बदलला हुता, हे मला काचंबाहेर बसल्यावर कळलं."

माझ्या माणसांनो, नियम करणारे नियम करतील, आणि त्यातून वाट काढणारी हुशारी आपल्यात भरपूर आहे. पण मुलाच्या हातातलं काम आपण काढून घेतो तेव्हा दोन गोष्टी त्याला न सांगता शिकवतो. एक, तुला जमणार नाही. दुसरी, न केलेलं केलं म्हणायला हरकत नाही. एवढी महागडी ढाल कुठल्या घराला परवडेल? मुलाला चुकू द्यावं. सातवा नंबर येऊ द्यावा. तो त्याचा असतो.

नानासो पखवाजी जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांचा फोटो कुठल्या चौकात नाही. पण तुमचं लेकरू कात्री-डिंक घेऊन बसेल, त्याचं काहीतरी वाकडं होईल आणि तुमचा हात आपोआप पुढं जाईल, तेव्हा तो हात मांडीखाली घ्या आणि एवढंच करा, नानासोंची आठवण काढा.