मामंजींचा वाडगा

संध्याकाळी मामंजींचं पहिलं वर्षश्राद्ध, आणि त्यांचा जेवणाचा पितळी वाडगा झाकणासकट तव्याच्या बुडासारखा काळा. ते गेले तेव्हा सासूबाईंनी तो कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला होता, तो आज सकाळी उघडला.

"हा असा काळा वाडगा त्यांना ओळखू यायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "डोळे आधीच अधू होते. चकाकायचा म्हणून तर हाताला लागायचा. दारातून बघतील, दुसऱ्याचं घर समजून माघारी जातील."

"घासते मी आई."

"कौलाची पूड आणि पेंढा. बाकी काही लावायचं नाही. माझ्या सासूनं लावू दिलं नाही, मीही लावलं नाही."

"आपण आठव्या मजल्यावर राहतो. कौलं कुठून आणू?"

"जुनं घर पाडताना म्हटलं होतं, चार कौलं ठेवा. आमचं कोण ऐकतंय." एवढं बोलून, साबणाची टोपली काखेत मारून त्या सार्वजनिक स्नानगृहात निघून गेल्या. श्राद्धाआधी अंग चोळून घ्यायचं असतं. सून मात्र नळाखाली तोंड धुऊन शुद्ध होते असं असावं.

माझी लेक बोराम पाठीवर बांधलेली होती. ती नुकती पेंगायला लागली होती. तिचा गरम गाल माझ्या मानेला चिकटलेला, आणि तिची लाळ पाठीवरून हळूहळू खाली उतरत होती. मी जरा जोरात घासलं की ती कुरकुरायची, हळू घासलं की वाडगा ढिम्म. मी माझ्या नवऱ्याला, ग्यूमिनला, पेंढा आणायला पाठवलं. तो बाजारातून सुक्या माशांची माळ घेऊन आला.

"पेंढा कुठाय?"

"हा काय. माळ पेंढ्याच्या दोरीतच तर ओवलीय. मासे नैवेद्याला, दोरी वाडग्याला." आपण फार मोठं काम केलं अशा चेहऱ्यानं तो माझ्याकडे बघत होता.

मी त्या दोरीनं घासून पाहिलं. वाडगा होता तसाच राहिला, फक्त त्याला मासळीचा वास आला.

तेवढ्यात बुसानहून नणंदेचा फोन. वन्सं दुपारच्या गाडीनं निघणार होत्या. तोवर त्यांना फुरसतच फुरसत होती.

"टूथपेस्ट लाव. मी व्हिडिओ पाठवलाय."

"लावली वन्सं. अंगठ्याएवढा डाग निघाला."

"मग टोमॅटो सॉस. माझी शेजारीण सॉसनंच करते. वाडगा नुसता आरसा होतो म्हणे."

"तुम्ही करून बघितलंय?"

"मी कशाला? आमच्याकडे सगळं स्टीलचं आहे."

सॉस फासला. बोराम जागी झाली, माझ्या खांद्यावरून वाकली, एक बोट बुडवून तोंडात घातलं आणि दुसरं माझ्या केसांत पुसलं. सॉस धुतला तर वाडगा मध्येच उजळ, मध्येच काळा, अंगावर कोड उठल्यासारखा. व्हिनेगर शोधलं तर बाटलीत तळाशी थेंबभर. ते काल ग्यूमिननं काकडीवर ओतून संपवलं होतं.  त्याला ओरडले असते तर बोराम रडली असती, आणि कदाचित मीही.

जेवायची वेळ टळून गेली होती. उभ्याउभ्या दोन घास खावेत म्हणून फ्रिजमधून जुन्या किमचीचा, आंबवलेल्या कोबीचा, डबा काढला. हिवाळ्यात घातलेली ती किमची आता इतकी आंबट झाली होती की वासानंच डोळ्यांत पाणी यावं. डबा कलला, आणि तिचं लाल पाणी वाडग्याच्या झाकणावर सांडलं. फडक्यानं पुसलं, तर खाली सोनं.

मी मग मागचापुढचा विचार केला नाही. सगळं पाणी वाडग्यात ओतलं, झाकणावर ओतलं, बोटांनी चोळलं. काळेपण असं सुटलं, जणू ते सुटायला टेकलंच होतं, मीच विचारत नव्हते. धुऊन, कोरडं करून वाडगा खिडकीत ठेवला तर त्याचा उजेड छतावर नाचायला लागला. बोराम त्याला पकडायला हात उंचावून खिदळली. सकाळपासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

सासूबाई लालबुंद होऊन परतल्या. वाडगा दोन्ही हातांत घेतला. कडेवरून अंगठा फिरवला.  मग त्यांनी तो नाकाशी नेला.

"काय लावलंस?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. किमचीतला लसूण. तिखट. श्राद्धाच्या स्वयंपाकात ज्यांना सकाळपासून हातही लावायचा नाही, ज्यांच्या वासानं पितर उंबऱ्यावरूनच परत फिरतात, नेमक्या त्याच दोन वस्तूंनी मी मामंजींचा वाडगा चोळला होता.

"बोरामच्या आई," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला तू दारातूनच हाकललंस."

मी तो तांदळाच्या धुवणात उकळला. पिठानं घासला. उन्हात ठेवला. ग्यूमिननं हुंगलं आणि म्हणाला, "मला तर भूकच लागली." वन्सं आल्या, त्यांनीही हुंगलं. "काही वास येत नाही गं आई. तुझं नाकच फार तिखट."

"स्टीलचा मांडा," सासूबाई म्हणाल्या.

दिवसभराच्या खटाटोपाचं हे फळ. मी स्टीलच्या वाडग्यात भात भरला, झाकण लावलं, सूप ठेवलं, मासे मांडले, नासपती मांडली. माझ्या हातांना अजून सॉस, मासळी, टूथपेस्ट आणि किमची असा सगळ्या घराचा वास येत होता. 

धूप लावायच्या वेळी सासूबाई एकदम उठल्या. स्टीलचा वाडगा उचलून आत नेला आणि बाहेर आल्या तेव्हा हातात पितळी होता, भात भरलेला.

"आई, पण लसूण," मी म्हणाले.

"दवाखान्यात रोज किमची मागायचे," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "एकच तुकडा दे, फक्त पाणी दे. डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं. मी नाही दिली. बाकीचे पितर पळत असतील लसणाला. हे पळायचे नाहीत."

ग्यूमिननं झाकण उघडलं, भातात चमचा रोवला. त्यांना निवांत जेवता यावं म्हणून आम्ही सगळे बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं घरच्या कर्त्यानं खोकायचं आणि मग आत जायचं, अशी रीत. ग्यूमिननं घसा साफ केला.

सासूबाईंनी त्याची बाही धरली. "थांब."

बोराम रडायला लागली. सूप आत गार होत होतं, वन्संचा पाय दुखत होता, मला सकाळपासून बसायला मिळालं नव्हतं. ग्यूमिननं पुन्हा घसा साफ केला.

"अरे थांब म्हणते ना," दाराला कान लावून सासूबाई म्हणाल्या. "जेवू दे त्यांना. आज चव लागलीय."